एक पेरू, नाशवंत

शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, इंदिरानगरातल्या माझ्या घराच्या ओट्यावर, चौदा मुलांच्या देखत मी रोशनीच्या थोबाडीत मारली. रोशनी पाचवीत आहे. दहा वर्षांची, काडीसारखी पोरगी. माझा हात सदतीस वर्षं फळ्यावर चालून घट्ट झालेला. आवाज एवढा मोठा झाला की समोरच्या इस्त्रीवाल्याने मान वर केली. रोशनी रडली नाही. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा आणि मी तो इतके दिवस बाहीत लपवून ठेवला असावा, असं तिचं बघणं होतं. मग तिच्या गालावर एकेक बोट उमटत गेलं. आधी मधलं, मग बाकीची. मुलं सतरंजीवर मागे सरकली. मी म्हणालो, "आजचा अभ्यास संपला." माझा आवाज नेहमीसारखाच होता, शांत, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

तिने काही वावगं केलं नव्हतं. मी मुलांना शब्दाचा अर्थ कधी सांगत नाही. मी वस्तू मागतो. शब्द मधे ठेवायचा आणि त्याच्याभोवती मुलांनी वस्तूंचा ढीग लावायचा. ढीग पुरेसा झाला की अर्थ आपोआप कळतो. त्या दिवशी पुस्तकातल्या धड्यात 'नाशवंत' आला. मी तो टाळून पुढच्या ओळीवर जाऊ शकलो असतो. टाळला नाही, कारण सोमवारी कोर्टात जायचं होतं, समन्स खिशात होतं, आणि दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसं माझं मन दिवसभर त्याच शब्दाकडे जात होतं. मुलांनी ढीग लावला. दूध. पाव. गजरा. बर्फाचा गोळा. एक जण म्हणाला, "आजी." सगळे हसले, मीही हसलो. मग रोशनी म्हणाली, "पेरू." मी म्हणालो, "शाबास." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मीच तर त्यांना शिकवलंय की कशालाही लगेच हो म्हणू नका. ती म्हणाली, "पण गुरुजी, पेरू लगेच थोडाच नासतो? आमच्या फ्रीजात आठ दिवस राहतो. आठ दिवसांत तर केवढं काय काय करता येतं! मग त्याला नाशवंत कसं म्हणायचं?" आणि माझा हात उचलला गेला.

लताबाई आतून आल्या. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला मुलावर हात टाकताना पाहिलं नव्हतं. म्हणजे त्यांना ती एक गोष्ट माहीत होती, पण ती त्यांनी पाहिलेली नव्हती. "काय म्हणाली ती असं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बरोबर बोलली." त्यांनी कुलूप हातात घेतलं. "मग चला. तिच्या घरी जाऊन येऊ. एकटे गेलात तर तिथं जाऊन व्याख्यान द्याल."

रोशनीची आई भाजी निवडत बसली होती. आम्हाला बघून गडबडीने उठली, खुर्ची पुसली. मी म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "अहो गुरुजी, असं काय बोलता? तुम्ही मारलं म्हणजे तिच्या भल्याचंच असणार. आणखी दोन द्यायच्या होत्या. तोंड फार चालतं हिचं." रोशनी दाराआड होती. तिच्या गालाची कड तेवढी दिसत होती. असलंच बोलणं मी आधी ऐकलं होतं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, शाळेच्या दारात, एका माणसाच्या तोंडून. त्याच्या पायांना सिमेंट लागलेलं होतं. पेठच्या डोंगरातून बांधकामावर मजुरीला आलेला तो माणूस, त्याच्या कडेला त्याचा अकरा वर्षांचा मुलगा, आणि त्या मुलाच्या तोंडाला धरलेलं लाल झालेलं फडकं. "मास तुमचं, हाडं आमची, गुरुजी," तो बाप म्हणाला होता. "पन पोराला शाना करा." त्याला बिचाऱ्याला हे कळलं नव्हतं की मी हाडालाच हात घातला होता.

मल्हारी त्या मुलाचं नाव. तो खिडकीबाहेर बघत होता, एवढंच. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारायच्या ऐवजी माझ्या हातातलं लाकडी डस्टर सुटलं. मी ते फेकलं असं मी बरीच वर्षं म्हणत नव्हतो. सुटलं, असं म्हणत होतो. त्याचा कोपरा त्याच्या वरच्या दातावर बसला. मल्हारीने ओंजळीत काहीतरी थुंकलं आणि ते नीट बघितलं. तो दुधाचा दात नव्हता. परत येणारा नव्हता. त्यानंतर मी कुणालाही मारलं नाही. लोक म्हणत, धोंडीराम गुरुजींचा पेशन्स बघा. बदली होऊन मी अंबडच्या बाजूला गेलो, तिथं हेच म्हणत. पेशन्स कुठला? मला माझ्या हाताची दहशत बसली होती. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती मी लताबाईंनाही सांगितलेली नाही. मुलं मल्हारीला 'खिडकी' म्हणू लागली. त्याच्या तोंडात ती फट होती आणि खिडकीपायीच त्याने मार खाल्ला होता, म्हणून. मुलं क्रूर असतात आणि हुशार असतात. पहिल्यांदा ते नाव कानावर आलं तेव्हा मी हसलो. एकदाच. पण मल्हारी माझ्याकडेच बघत होता.

रविवारी सकाळी मी मुलांना सुट्टी दिली आणि खुर्चीत बसून राहिलो. लताबाई दोनदा चहा ठेवून गेल्या. दोन्ही वेळा साय धरली. मला समोर अंबडचा तो रस्ता दिसत होता. नव्व्याण्णव सालचा जानेवारी. सकाळचे सात. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. कंपनीच्या फाटकासमोर हातगाड्या लागायच्या. पहिल्या पाळीची माणसं आत जाताना काहीतरी घेऊन जायची. तिथं भिका पेरू विकायचा. सिन्नरच्या बाजूचा, बोलका, गाडीवर मिठा-तिखटाचा डबा, डोक्याला मफलर. त्याच्या शेजारी इनायतची शहाळ्याची गाडी. मी शाळेत जाताना रोज त्यांच्या समोरून जायचो. त्या दिवशी गर्दी होती. मी रस्ता ओलांडून पलीकडून जाणार होतो. तेवढ्यात हवालदार ओरडला, "गुरुजी! ओ गुरुजी! जरा इकडं या. पंच पाहिजेत. दुसरं कोणी सुशिक्षित दिसंना."

भिका गाडीच्या चाकाला टेकून बसल्यासारखा होता. मफलर गळ्यात रुतला होता आणि काळा पडला होता. मान एका बाजूला अशी वाकली होती की तशी माणसाची मान वाकत नाही. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेवर, तिसरा हाताच्या पंजावर, कारण त्याने हात वर केला असणार. दोन बोटं मिठाच्या डब्याजवळ पडली होती. मी ती आधी गाजराचे तुकडे समजलो. पेरू घरंगळून रक्तात गेले होते आणि त्यांच्या हिरव्या सालीवर रक्त धरत नव्हतं, ओघळून जात होतं. माणसं बाजूने फाटकात शिरत होती. भोंगा झाला होता, कार्ड पंच करायचं होतं. इनायतच्या गाडीखाली त्याचा कोयता पडलेला. इनायत नव्हता. "पळाला," हवालदाराबरोबरचे फौजदार म्हणाले. "सोपं काम आहे."

मग ती गोष्ट झाली. दुसऱ्या कुणा पंचाच्या बाबतीत ती झाली नसती. हवालदाराने कागद काढला, दोन ओळी लिहिल्या, आणि मी मागून त्या वाचल्या. वाईट सवय. "मयताचे प्रेत मृत अवस्थेत," असं त्याने लिहिलं होतं. मी म्हणालो, "प्रेत मृतच असतं, हवालदार." फौजदार हसले. "मग तुम्हीच लिहा ना, गुरुजी. तुमचं अक्षर बघू तरी. आमचे कागद कोर्टात लागत नाहीत कुणाला." त्या रक्ताशेजारी उभं राहून मला बरं वाटलं, हे मला कबूल केलं पाहिजे. कुणीतरी मला चांगलं लिहायला सांगत होतं. दुसरा पंच, हॉटेलातला एक पोऱ्या, अंगठा उठवून केव्हाच पसार झाला. मी उपड्या क्रेटवर बसलो आणि लिहीत गेलो. पूर्वेस कंपनीची भिंत, पश्चिमेस डांबरी रस्ता. फौजदार सांगत आणि मी त्यांचं वाक्य सरळ करून लिही. शेवटी याद्या करायच्या होत्या. एक मुद्देमालाची: कोयता, मफलर, वजनकाटा. हे सीलबंद होऊन कोर्टात जाणार. दुसरी नाशवंत मालाची. "नाशवंत म्हणजे काय काय घालायचं?" मी विचारलं. हवालदार म्हणाला, "ज्याला कोर्टापर्यंत दम निघत नाही ते सगळं. पेरू, शहाळी, तो चटणीचा डबा. त्याची विल्हेवाट जागेवरच."

तेव्हा मला तो पेरू दिसला. गाडीच्या कडेला, पाटीवर ठेवलेला. एक मोठा घास घेतलेला. गर अजून पांढरा होता, कडेला नुकता तांबूस होऊ लागला होता. पेरू चावला की हवेने तो किती वेळात लाल पडतो, हे मी मुलांना वर्गात घड्याळ लावून दाखवलं आहे. म्हणजे घास तासाभराच्या आतला होता. आणि त्या घासात दातांच्या खाचा होत्या. वरच्या दातांच्या ओळीत, बरोबर मधे, एक दात लागलेलाच नव्हता. दोन खाचांच्या मधे गराची एक उभी भिंत राहिली होती. चांगली नखाएवढी जाड. मी लेखणी थांबवली. वीस वर्षांपूर्वी एका मुलाने माझ्या वर्गात खालच्या ओठावर रक्त घेऊन तोंड उघडलं होतं. ती फट आणि ही भिंत एकमेकांत बसत होती. चावणारा आणि मी सोडून ते जगात कुणालाच ओळखू आलं नसतं. मी ते ओळखलं, कारण ते माझंच काम होतं. फौजदारांनी माझी नजर पाहिली. बुटाच्या टोकाने गाडी हलवत म्हणाले, "हा खाल्लेला दिसतो. वेगळा लिहायचा का?"

मी म्हणालो, "पेरू तो पेरूच, साहेब. नाशवंतात येतो."

कसं म्हणालो, ते मला आठवतं. पोरांची शंका मिटवताना जसं म्हणतो तसं. त्या आवाजाला आजवर कुणी उलट विचारलेलं नाही. फौजदारांनी मान हलवली. मी लिहिलं: 'हातगाडीवरील पेरू, अंदाजे तीस किलो, नाशवंत.' खाली सही केली. तेव्हा माझ्या मनात काय होतं? मल्हारीला वाचवावं असं होतं का? नव्हतं. मला फक्त एवढंच वाटलं की ती फट परत कुणी बघू नये. हवालदाराने गाडी एका बाजूने उचलून ओतली. पेरू गटारीच्या कडेला पडले. दोन गाई आधीपासून उभ्या होत्या. त्यांतल्या तांबड्या गाईने तो पेरू घेतला तेव्हा मी बघत होतो. तिने मान वर करून एकदाच जबडा फिरवला. मग मी शाळेत गेलो. पहिला तास गणिताचा होता. मी तो घेतला.

इनायत चार दिवसांनी मालेगावात बहिणीच्या घरी सापडला. मला त्याची फारशी आठवण नव्हती. चोवीस-पंचवीसचा, शहाळं सोलताना गाणं गुणगुणणारा. पेपरात छोटी बातमी आली: धंद्याच्या जागेवरून खून. त्यानंतर आठवड्याने मल्हारी माझ्या दारात उभा राहिला. लताबाई बाजारात गेल्या होत्या. मी दार उघडलं आणि तो आत येऊन जमिनीवर बसला. खुर्चीवर बस म्हणालो तरी बसला नाही.

"वळखलं का गुरुजी?"

"ओळखलं."

"पंचनामा तुमी लिवला म्हने."

"हो."

तो हात जुळवून बसला होता. नखं स्वच्छ होती. "भिका लय बोलायचा, गुरुजी. रोज. खिडकी, पेरू नको खाऊ, बी पडंल, तुला केळं बरं. लोकं हसायची. मी बी हसायचो. त्या दिशी ठेकेदारानं गेटवरनंच परत लावलं, उद्यापास्नं येऊ नको म्हनला. येताना गाडीवरचा एक पेरू घेतला, चावला. रस्त्यावर अजून कुनी नव्हतं, तरी भिका वरडला, बघा, बघा, खिडकी उघडली. मी पेरू ठिवला. शेजारी कोयता व्हता. इनायत पानी आनाया गेलता." तो थांबला. मी विचारलं, "मग?" जसं काही मी धडा पुढे वाचायला सांगत होतो. तो म्हणाला, "मंग काय. तुमच्या हातनं डस्टर सुटलं व्हतं ना, तसंच." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. समजावं म्हणून त्याने उदाहरण दिलं होतं. मीच त्याला ते शिकवलं होतं. मग तो माझ्या पाया पडला. "लय उपकार झाले." मी पाय मागे घेतले नाहीत. मी म्हणालो, "चहा घेतोस?"

त्याने चहा घेतला. मी तो केला, दोन चमचे साखर घालून. हे मी चार वर्षं कुणालाही सांगितलं नाही. पुढे तो सिन्नरला कामाला लागला. लग्न आधीच झालेलं होतं, दोन मुली होत्या. दर दिवाळीला येऊन पाया पडतो. मोठीचं नाव मोहिनी. मागच्या दिवाळीला तिने मला पाढे म्हणून दाखवले, तेराचा अडखळत. मी तिला तेराचा शिकवला. आणि त्या चार वर्षांत इनायत नाशिकरोडच्या जेलमधे होता. जामीन नाही, तारखांवर तारखा. मी स्वतःला सांगत होतो की कोर्ट काय ते बघून घेईल. कोर्ट हुशार असतं, मी एक शिक्षक. कोर्टाच्या पुढ्यात मी काय ठेवलं होतं आणि काय ठेवलं नव्हतं, ते मी स्वतःला सांगत नव्हतो.

समन्स आलं त्या आठवड्यात मी वाचनालयात जाऊन कायद्याचं पुस्तक काढलं. शब्दाचा अर्थ बघायचा होता. मला खात्री होती की अर्थ माझ्या बाजूने असणार. जो माल लवकर आणि आपोआप नासतो, तो. एवढंच. किती लवकर, ते लिहिलेलंच नाही. चार तास की चार महिने, काही नाही. मला हायसं वाटलं. मग मी पुढचं वाक्य वाचलं. असा माल विकण्याचा किंवा त्याची विल्हेवाट लावण्याचा हुकूम कोर्टाला देता येतो. पण जरूर वाटेल तो पुरावा आधी नोंदवून घ्यायचा, आणि मगच. मी ती ओळ बोटाखाली धरून तीनदा वाचली. म्हणजे जे टिकणार नाही ते सोडून द्या, असं कायदा म्हणतच नव्हता. तो म्हणत होता, जे टिकणार नाही ते आधी लिहून ठेवा. कोयता काय, दहा वर्षांनीही कोयताच राहील, त्याला कुणाच्या शब्दाची गरज नाही. गरज त्या पेरूला होती. लेखणी माझ्या हातात होती आणि मी तीस किलोंच्या खाली त्याला पुरून टाकला होता. शेजारच्या टेबलावर एक पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. तो म्हणाला, "आजोबा, बरं वाटत नाहीये का?" मी म्हणालो, "वाचतोय."

सोमवारी अकराला मी कोर्टात पोचलो. पुकारा व्हायला वेळ होता. व्हरांड्यात बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा. तिने सरकून जागा दिली. "केस कुणाची?" मी विचारलं. "मुलगा आहे माझा. इनायत." मी उठणार होतो, पण पाय उठले नाहीत. तिचं नाव जैतुनबी. तिने माझी टोपी बघितली, धोतर बघितलं. "तुम्ही मास्तर का? तुम्ही आमच्याकडून की सरकारकडून?"

"मी पंच आहे."

"मग चांगलं," ती म्हणाली. "पंच खरं बोलतो. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना तुमच्यात. आमच्यात पण तसंच आहे." मग तिने डबा पिशवीत नीट केला. "भेंडी आणलीय. देऊ देतात की नाही, बघू. मागच्या तारखेला शिपायाने उघडून चमचा घालून बघितला. म्हटलं, बाबा, भेंडीत काय तलवार लपवणार मी?" ती हसली. मला त्या वेळी तिथून पळून जावंसं वाटलं. इनायत पळाला होता तसं, काही न केलेला माणूस घाबरून पळतो तसं. फक्त मला तसं पळायचा हक्क नव्हता.

साक्ष तीन मिनिटांची होती. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. माझं अक्षर चार वर्षांत जराही फिकं पडलं नव्हतं. "सही तुमची?" "माझी." "मजकूर तुमच्या समोर लिहिला?" "मीच लिहिला." "बरोबर आहे?" मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघितलं. इनायतच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर बघत होता. कोर्टाने दिलेला त्याचा वकील पोरगेलासा होता, फाइल चाळत म्हणाला, "उलटतपास नाही." न्यायाधीश म्हणाले, "उतरा." सरकारी वकील बसलेसुद्धा. आणि मला कळलं की आता मी खाली उतरलो की हे संपलं. कोयत्यावर इनायतच्या बोटांचे ठसे असणारच, तो रोज तोच कोयता चालवत होता. संध्याकाळपर्यंत त्याचं आयुष्य संपेल आणि दिवाळीला मोहिनी मला चौदाचा पाढा म्हणून दाखवेल. मी कठड्याला धरून उभा राहिलो.

"साहेब, त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

"कुठल्या?"

"मजकूर बरोबर आहे का. बरोबर नाही."

सरकारी वकील उठले. न्यायाधीशांनी हात वर केला. मी सांगितलं. घास, खाचा, मधली भिंत, दात, डस्टर, मल्हारीचं नाव, त्याचं सिन्नरचं ठिकाण, चहा. एकही गोष्ट गाळली नाही. मागे कुणीतरी हसलं, पेरू या शब्दाला. सरकारी वकील म्हणाले, "साहेब, साक्षीदार फितूर झालाय. आत्ता बाहेर आरोपीच्या आईशी बोलत बसले होते हे." न्यायाधीश मला म्हणाले, "हे तुम्ही चुकून केलं की समजून?"

"समजून."

"परिणाम माहीत आहे? पुरावा नष्ट केल्याबद्दल तुमच्यावरच खटला होईल."

"व्हायला हवा."

"तो पेरू कुठे आहे?"

"गाईने खाल्ला."

आता उघड हसू आलं. न्यायाधीशांनी टेबलावर पेन आपटलं. "मग कोर्टाने कशावर विश्वास ठेवायचा, गुरुजी?" मी म्हणालो, "साहेब, न टिकणारी वस्तू जाऊ देण्याआधी तिच्याबद्दल नोंद करायची, असं कायद्यातच आहे. ते काम माझ्याकडे होतं. मला चार वर्षं उशीर झाला. आता नोंद करून घ्या." पंखा फिरत होता. मग न्यायाधीश टंकलेखकाकडे वळले आणि म्हणाले, "लिहा."

ते सगळं लिहून, वाचून, सही होईपर्यंत दीड वाजला. मला बाहेर थांबायला सांगितलं. पोलिसांना जबाब हवा होता. व्हरांड्यात मी भिंतीला टेकलो. खरं सांगतो, त्या वेळी मला एक सुख झालं. वर्गात अवघड गणित सुटलं की होतं तसं. जैतुनबी समोरून आली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती माझ्यासमोरून डबा घेऊन तशीच पुढे गेली.

मग दोन शिपाई इनायतला घेऊन आले. कमरेला दोर. माझ्याजवळ येताच तो थांबला. शिपायाने दोर ओढला तरी थांबला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. चार वर्षं तेच तेच बोलून राग झिजून गेलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"गुरुजी, वो पेरू मैंने भी देखा था."

मी भिंतीपासून सरळ झालो.

"पाणी घेऊन आलो, तर भिकाभाई पडलेला. गाडीवर खाया हुआ पेरू. दाताची फट दिसत होती. मैं समझ गया, हा खिडकीचा. पकडलं तेव्हा पहिल्या दिवसापासून बोललो मी साहेबांना. पेरू देखो, पेरू देखो. ते तुमचा कागद काढायचे. म्हणायचे, हे बघ, एवढ्या मोठ्या मास्तराने लिहिलंय, एकेक गोष्ट लिहिलीय, यात तुझा पेरू कुठंय? आणि मारायचे. मी परत बोलायचो. ते परत कागद दाखवायचे."

त्याने उजवा हात पुढे केला. अंगठ्याशेजारची तीन बोटं आत वळलेली होती. सांधे सुजून गाठींसारखे झालेले, नखं नव्हती. "चौथ्या दिवशी पेरू बोलायचं सोडलं," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरायला माझा हात उचलला. त्याने आपला मागे घेतला आणि चेहऱ्यापुढे धरला.